बेळगावच्या दक्षिणेला, छत्तीस हजार किलोमीटरवर

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत खानापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मुलांना आकाश दाखवत होतो. दुर्बिणीत शनी आणून ठेवला होता. रांगेतल्या एका आजोबांनी कडी पाहिली, पण त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. "गुरुजी, वर उपग्रह फुटलाय म्हणं. आमच्या डोस्क्यावर पडंल काय?" नातवाच्या मोबाईलवर तसा मेसेज आला होता.

उपग्रह फुटला होता हे खरंच. इंटेलसॅट ३३ई हा दळणवळण उपग्रह १९ ऑक्टोबर २०२४ ला कक्षेतच फुटला. २०१६ मध्ये सोडलेला हा उपग्रह हिंदी महासागरावर, ६० अंश पूर्व रेखांशावर होता. अमेरिकेच्या अवकाश दलाने सुरुवातीला त्याचे वीसेक तुकडे मोजले. त्यातलं काहीही खाली येणार नाही, असं मी आजोबांना सांगितलं आणि त्यांना हायसं वाटलं. मला मात्र वाटत नव्हतं. हे तुकडे पडत नाहीत, हीच तर खरी अडचण आहे.

चार-पाचशे किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहाला विरळ का होईना, हवा लागते. तिच्या घर्षणाने तो काही वर्षांत खाली येतो आणि बहुतेक जळून जातो. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत असतात. तिथे पृथ्वीभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने. म्हणून उपग्रह आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो आणि घरावरची छत्री एकदा बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. त्या उंचीवर हवा नाही. वर गेलेली वस्तू लाखो वर्षं तिथेच राहते.

जाता जाता छत्रीबद्दल एक सांगतो. आपल्याकडे दक्षिणेला दार नको म्हणतात, ती यमाची दिशा. पण विषुववृत्त आपल्या दक्षिणेला असल्यामुळे बेळगाव, निपाणी, चिकोडीतली प्रत्येक छत्री दक्षिण, आग्नेय किंवा नैर्ऋत्येकडेच तोंड करून आहे आणि त्या घरांचं काहीही बिघडलेलं नाही. दिशेला शुभ-अशुभ असं काही नसतं.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भागाकडे येतो. इंधन संपलेला, बंद पडलेला उपग्रह आपल्या जागी थांबत नाही. तो सरकू लागतो, आणि कुठे जायचं हे पृथ्वीचा आकार ठरवतो.

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे आपण शाळेत शिकलो. पण तिचं विषुववृत्तसुद्धा अगदी गोल नाही. ते किंचित लंबगोल आहे. लांब आणि आखूड व्यासात जेमतेम १४० मीटरचा फरक. फुगवट्याची दोन टोकं साधारण १५ अंश पश्चिम आणि १६५ अंश पूर्व रेखांशावर येतात. कुणालाही वाटेल की मोकळा सुटलेला उपग्रह फुगवट्याकडे ओढला जाईल. घडतं नेमकं उलट.

समजा एक मेलेला उपग्रह १२० अंश पूर्वेला आहे. जवळचा फुगवटा त्याच्या पूर्वेला आहे आणि उपग्रहाची चालही पूर्वेकडेच आहे. म्हणजे फुगवटा त्याला पुढे ओढतो, त्याची ऊर्जा वाढते. ऊर्जा वाढली की कक्षा उंच होते. उंच कक्षेतला उपग्रह मात्र सावकाश फिरतो, त्याची फेरी लांबते. खाली पृथ्वी आपल्या गतीने फिरतच असते, त्यामुळे तो तिच्या मागे पडतो, म्हणजे पश्चिमेकडे सरकतो. पुढे ओढल्यामुळे मागे पडला! आता ३० अंश पूर्वेचा उपग्रह घ्या. त्याच्या जवळचा फुगवटा पश्चिमेला, म्हणून तो मागे ओढला जातो, ऊर्जा घटते, कक्षा खाली उतरते, फेरी लवकर होते आणि तो पूर्वेकडे सरकतो. दोघंही फुगवट्यापासून दूर, मधल्या जागेकडे निघाले. ही जागा ७५ अंश पूर्वेला आहे. अशीच दुसरी जागा पृथ्वीच्या पलीकडे, १०५ अंश पश्चिमेला आहे.

७५ अंश पूर्व म्हणजे कुठे? ही रेषा धारवाडवरून जाते. पुढे कासरगोड, मग समुद्र, मालदीवच्या पूर्वेकडून विषुववृत्त. बेळगाव स्वतः ७४.५ अंशावर आहे. आपल्या गच्चीवर उभं राहून ठीक दक्षिणेला तोंड करा आणि क्षितिजापासून सुमारे ७१ अंश वर बघा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण भूस्थिर कक्षेतल्या मेलेल्या उपग्रहांचा खळगा तिथे आहे.

खळग्यात येऊन ते थांबत मात्र नाहीत. नागपंचमीचा झोका आठवा. मधल्या, सर्वांत खालच्या जागी झोक्याला जास्तीत जास्त वेग असतो आणि तो पलीकडे तितकाच वर जातो. इथेही तसंच होतं. ९३.५ अंशावर सुटलेला उपग्रह ७५ ओलांडून पलीकडे ५६.५ पर्यंत जाईल आणि परत फिरेल. अशा एका हेलकाव्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. मधून जाताना तो दिवसाला शंभरेक किलोमीटर सरकतो. वाटेत ८३ आणि ७४ अंशांवर भारताच्या महत्त्वाच्या जागा आहेत. १९८३ मध्ये सोडलेला इन्सॅट-१बी ७४ अंशांवरच होता. ज्याच्या जोरावर दूरदर्शन खेड्यापाड्यांत पोचलं, तोच हा उपग्रह. इंटेलसॅटच्या ज्या तुकड्यांना स्फोटात फार धक्का बसला नसेल, तेही ६० आणि ९० अंशांच्या दरम्यान असेच झोके घेत राहणार.

दिवसाला शंभर किलोमीटर ही चाल सावकाश वाटते. टकरीचा वेग मात्र वेगळ्या कारणाने येतो. सूर्य आणि चंद्र मेलेल्या उपग्रहाची कक्षा हळूहळू कलती करतात. साधारण सव्वीस-सत्तावीस वर्षांत हा कल १५ अंशांपर्यंत जातो आणि तेवढ्याच काळात पुन्हा शून्यावर येतो. कललेला सांगाडा दिवसातून दोनदा विषुववृत्ताचं प्रतल छेदतो, एकदा उत्तरेकडून, एकदा दक्षिणेकडून. दोन्ही उपग्रहांचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर असला, तरी १५ अंशांच्या कोनात एकमेकांना छेदताना सापेक्ष वेग सेकंदाला ८०० मीटर निघतो. बंदुकीच्या गोळीचा वेग, आणि गोळी दोन-तीन टनांची.

खालच्या कक्षेत हे घडून गेलं आहे. १० फेब्रुवारी २००९ ला बंद पडलेला रशियन दळणवळण उपग्रह कॉसमॉस २२५१ आणि चालू असलेला इरिडियम ३३ हे दोघे सायबेरियाच्या वर, कक्षेतच एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त होता. नोंद ठेवता येतील असे तुकडेच दोन हजारांवर झाले. अशा बातम्यांनंतर "आता सगळं आकाश बंद होणार" असे व्हिडिओ फिरतात. ते मला पटत नाहीत. एका टकरीने सगळे उपग्रह कोसळत नाहीत. धोका दशकांच्या हिशेबाने साचत जातो.

भूस्थिर कक्षेत उपाय साधा आहे. इंधन संपण्याआधी उपग्रह तीनशेएक किलोमीटर वर न्यायचा. त्याला सेकंदाला ११-१२ मीटरचा वेगबदल पुरतो, म्हणजे साधारण तीन महिने जागेवर राहायला लागेल तेवढं इंधन. पण मालकाला ते तीन महिने कमाईचे दिसतात. शिवाय वजनरहित टाकीत किती इंधन उरलं हे दांडी बुडवून बघता येत नाही. थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिनं, किती वेळ चालवले आणि टाकीतला दाब किती, यांवरून हिशेब करावा लागतो. हिशेब चुकला तर उपग्रह जागेवरच मरतो आणि खळग्याकडे निघतो.

इस्रोने हे इन्सॅट-४बी च्या बाबतीत नीट केलं. ९३.५ अंशांवरच्या याच उपग्रहावरून आपल्या भागातल्या फुकटच्या छत्र्यांना दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) या दोन्ही वाहिन्या मिळत. जानेवारी २०२२ मध्ये त्याला भूस्थिर कक्षेच्या ३४० किलोमीटर वर नेलं आणि मगच बंद केलं. तिथे त्याची फेरी लांबते, म्हणून तो रोज चार अंशांहून थोडा जास्त पश्चिमेकडे सरकतो. इतका वेगाने, की खळगा त्याला अडकवू शकत नाही. दर सुमारे पावणेतीन महिन्यांनी तो बेळगावच्या दक्षिणेला येतो, ७५ अंशांच्या खळग्यावरून, तिथल्या सगळ्यांपेक्षा ३४० किलोमीटर उंचावरून पार होतो आणि पश्चिमेकडे निघून जातो.