क्लच घसरतो की सुटत नाही?

नवा क्लच टाकून आठवडा होत नाही तोच माणूस पुन्हा गॅरेजच्या दारात उभा असतो. काय होतंय विचारलं तर म्हणतो, "क्लच बरोबर बसला नाय." बस्स, एवढंच. गॅरेजवालाही पुढे काही विचारत नाही, पाना उचलतो. गेली कित्येक वर्षं हे बघतोय आणि दर वेळी चिडचिड होते, कारण या एका वाक्याखाली दोन अगदी उलट तक्रारी लपतात. एकीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही. दुसरीत ती पोहोचायची थांबतच नाही.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाटात चौथ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागची उचलत नाही, आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. क्लच घसरतोय. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचची जुनी प्लेट झिजली की हेच होतं, म्हणून तर क्लच बदलला. नवा टाकूनही घसरत असेल तर बहुतेक वेळा पेडलला मोकळी चाल, म्हणजे सुरुवातीची विनाजोर हालचाल, ठेवलेली नसते, नाहीतर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येतं. गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना पाचशे-हजारांचं सील वाचवणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल.

खरा घोळ दुसऱ्या तक्रारीत आहे. पेडल तळापर्यंत दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकापासून, पूर्ण सुटत नाही, थोडी घासत फिरत राहते. अशा वेळी गाडी पळते उत्तम. घाट चढते, पिकअप घेते, वास नाही, काही नाही. फक्त पहिला गिअर जड पडतो आणि रिव्हर्सला खर्रर्र करून दात वाजतात. हा क्लचचा दोष आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण आपल्या मनात क्लचचा दोष म्हणजे घसरणं. मग निदान होतं "गिअरबॉक्स गेला", आणि चांगला गिअरबॉक्स उघडला जातो.

गेल्या गणपतीला मावसभाऊ मुंबईहून गुहागरला आला तो हेच रडगाणं घेऊन. निघायच्या आधी तिकडेच क्लच बदलून घेतला होता. आमची पाखाडी अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, रिव्हर्स घेतल्याशिवाय गाडी बाहेरच पडत नाही. आणि रिव्हर्स तर पडत नव्हता. वाटेतल्या एका गॅरेजने त्याला सांगितलं होतं, गिअरबॉक्स खोलावा लागेल, पैशाची तयारी ठेवा. शेजारच्या काकांचं मत वेगळं. "नवीन क्लच आहे, सेट व्हायला वेळ लागतोच."

हे "सेट व्हायला वेळ लागतो" माझ्या डोक्यात जातं. नव्या प्लेटचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी नीट जुळायला पहिले चारपाचशे किलोमीटर जातात, हे खरं. तेवढ्यात किंचित थरथर किंवा हलका वास समजून घेता येईल. पण गिअर न पडणं कधीही "सेट" होत नाही. प्लेट पहिल्या दिवशी सुटत नसेल तर पाचशे किलोमीटरनंतरही सुटणार नाही. मधल्या काळात गिअरचे दात मात्र खाल्ले जातील, आणि मग गिअरबॉक्स खरंच जाईल.

मी गाडीत बसलो. इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहिला. पाचही आणि रिव्हर्स, लोण्यात सुरी जावी तसे. इंजिन चालू केलं, पेडल पूर्ण दाबलं, चार-पाच आकडे मोजले आणि हलक्या हाताने गिअरची मूठ रिव्हर्सकडे नेली. खर्रर्र.

हे आकडे मोजणं महत्त्वाचं आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोघांची गती सारखी करणारा भाग, नसतो, त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या घाई केली तर धडधाकट गाडीतही दात वाजतात. गिअरबॉक्सचा आतला दांडा तोपर्यंत स्वतःच्या गतीने फिरत असतो. क्लच सुटला असेल तर तो दोन-चार सेकंदांत थांबतो. थांबून टाकलेला रिव्हर्सही खरखरला, तर त्या दांड्याला अजून कुणीतरी फिरवतंय. तो कुणीतरी म्हणजे न सुटलेला क्लच. इंजिन बंद असताना फिरवणाराच नसतो, म्हणून सगळे गिअर मुकाट पडतात. उलट, बंद इंजिनावरही गिअर अडत असेल तर गिअरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्सच बघायला हवा. आणि चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर, समजा फक्त तिसरा, त्रास देत असेल तर त्याचा सिंक्रोनायझर. क्लचला एकाच गिअरशी वैर नसतं.

मग तिसरी गोष्ट केली. पेडल भराभर तीन-चार वेळा मारलं आणि तसंच दाबून धरून रिव्हर्स टाकला. आवाज न करता पडला. मावसभाऊ बघतच राहिला. गाडी हायड्रॉलिक क्लचची, म्हणजे पेडलचा जोर पाइपातल्या ब्रेक ऑइलमधून क्लचपर्यंत जातो, आणि त्या पाइपात हवा अडकलेली. पेडल दाबलं की आधी ती हवा दबायची आणि प्लेट सोडवायला उरलेला जोर पुरायचा नाही. हवा काढायला आमच्या वाडीतल्या पोराला अर्धा तास लागला. निघालेलं ब्रेक ऑइल चहासारखं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीला काही तोटा नाही.

पेडल मारून फरक पडला नसता तर कारणं आत शोधावी लागली असती आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला असता. प्लेट उलटी बसलेली असते, फ्लायव्हीलकडची बाजू कुठली ते बऱ्याच प्लेटवर छापलेलं असूनसुद्धा. किंवा बसवताना गिअरबॉक्सचं वजन दांड्यावर लोंबकळत ठेवल्याने नवी कोरी प्लेट वाकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन पोरं जॅक शोधत गेली आणि गिअरबॉक्स पाच मिनिटं प्लेटच्या भरवशावर लटकत होता.

जुन्या मारुती ८००, ऑम्नी अशा केबलवाल्या गाड्यांत हवेचा प्रश्न नाही, तिथे केबल आवळायचा-सैल करायचा एक नट असतो. दोन तक्रारी ओळखू न येण्याची किंमत इथे कळते. केबल जास्त आवळली की पेडलची मोकळी चाल संपते, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं राहतं आणि क्लच घसरतो. जास्त सैल सोडली की क्लच सुटत नाही. नट तोच, फिरवायच्या दिशा उलट. "क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढंच ऐकून पाना लावणारा निम्म्या वेळा दुखणं वाढवूनच ठेवणार. पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीचा एखाद-दोन सेंटीमीटर विनाजोर गेला पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नंतर पाय उचलताना गाडी कुठे उचलते ते बघा. अगदी जमिनीलगत उचलत असेल तर न सुटण्याचा संशय, पेडल पार वर आल्यावर उचलत असेल तर घसरण्याचा.

कोकणातला आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. जूनपासून गणपतीपर्यंत अंगणात उभी राहिलेली गाडी. दमट हवेत गंज धरून प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही, बंद करून पडतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर विचारायलाच नको. नुसती चिकटलेली प्लेट अनुभवी माणूस मोकळ्या मैदानात सोडवून देतो. त्यासाठी लगेच नवा क्लच घेऊ नका.

आवाजांचं थोडक्यात. पेडल दाबल्यावर घर्र आवाज आला तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर आला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचं बेअरिंग. निघताना गाडी थडथडली तर फ्लायव्हील न घासता तसंच लावलंय का विचारा, इंजिनाचे माउंटही बघा.

मावसभाऊ दुसऱ्या दिवशी पाखाडीतून एका दमात रिव्हर्समध्ये बाहेर पडला. गडग्याला ओरखडासुद्धा नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो तर चढावर पुढे रांग अडलेली, आणि या पठ्ठ्याने हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी थोपवून धरली. वास आधी मला आला.