कॉलेजचा फॅशन शो आणि टेलरची शिलाई: सांगलीतल्या वादामागचा इतिहास

सांगली-मिरजेतल्या फॅशन डिझायनिंगच्या वार्षिक शोवरून सध्या धुसफूस चाललीय. रॅम्पवर जाणारा कपडा पोरीने स्वतः शिवलेला पाहिजे का पेठेतल्या टेलरकडून शिवून आणला तरी चालतो, यावरून पालक, शिकवणारे आणि माजी विद्यार्थी असे तीन तट पडलेत. हे भांडण या वर्षीचं नाही, निदान वीस-पंचवीस वर्षं धुमसतंय. 

तसं स्टेजवरचे कपडे बघायला गर्दी करणं सांगलीला नवं नाही. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग 1843 ला इथंच झाला, आणि पुढं नागठाण्याशी नातं असलेल्या गायकनट बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका बघून घरंदाज बायका तसली नेसण आणि तसला शालू करून घ्यायच्या, हे आजी-पणजीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलंय. त्या वेळी रॅम्प नव्हता एवढंच. तिकडं पॅरिसमध्ये 1858 ला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या एका इंग्रज माणसाने दुकान काढलं, कपडे लाकडी पुतळ्यावर न घालता चालत्याफिरत्या बायकांच्या अंगावर घालून गिऱ्हाइकाला दाखवले आणि आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवली. त्याच्या कारखान्यात शेकडो बायका सुई चालवायच्या, पट्टी मात्र एकाचीच. आपल्या आजच्या भांडणाचं मूळ तिथंच आहे असं माझं मत.

आपल्याकडं हा कोर्स आला तो शिवणक्लासच्या मागच्या दाराने. आयटीआयमध्ये कटिंग अँड सुइंग होतं (आता त्याला सुइंग टेक्नॉलॉजी म्हणतात), ड्रेस मेकिंग होतं, पॉलिटेक्निकला ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगचा डिप्लोमा होता. दिल्लीत 1986 ला सरकारी फॅशन इन्स्टिट्यूट (निफ्ट) निघाली, तिचं मुंबईचं केंद्र 1995 ला, पण तिथवर आपल्याकडच्या किती पोरी पोचणार. इथं परीक्षा म्हणजे प्रदर्शन असायचं. वर्गात दोरी बांधून हँगरला कपडे लावायचे, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पहिल्यांदा काय करायच्या, तर कपडा उलटा करायच्या. शिवणीला किती कापड ठेवलंय, कडा इंटरलॉक केल्यात का, अस्तर ओढलं जातंय का, काज हाताने केलंय का मशीनवर, हे सगळं बोट फिरवून बघायच्या आणि मग वाटलं तर सुलट बाजू. डिझाइन हा शब्द नावात होता, मार्क मात्र शिलाईला.

1994 ला विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही मुकुट भारतात आले, घराघरात केबल पोचली, ऑगस्ट 2000 मध्ये दिल्लीत देशातला पहिला मोठा फॅशन वीक झाला, आणि त्यानंतर दोन-चार वर्षांत आपल्याकडच्या छोट्या छोट्या संस्थांनाही रॅम्प पाहिजे झाला. तो काळ मी जवळून बघितलाय. सुरुवातीला मंगल कार्यालयात सतरंज्यांवर टेबलं जोडून रॅम्प व्हायचा, वर लाल कापड, शेजारी लग्नाचाच डीजे. पालकांचा विरोध होता पण तो शिवण्याला नव्हता, चालण्याला होता. पोरगी डिप्लोमा करते इथपर्यंत ठीक, पण ती स्टेजवर कंबर हलवत चालणार आणि पाहुणे मोबाइलवर शूट करणार हे कुणाला चालत नव्हतं. म्हणून संस्थांनी बाहेरून मॉडेल आणायला सुरुवात केली, पुण्या-कोल्हापूरहून, शिवाय कोरिओग्राफर वेगळा. हे पैसे कुठून आले, तर पोरींकडूनच वर्गणी काढून.

आणि मॉडेल आल्या तशी शिलाईची गोष्ट बिघडली. हँगरवरचा कपडा तासभर बघता येतो, रॅम्पवरचा अर्धा मिनिट. आतली बाजू कुणालाच दिसत नाही. मॉडेल फिटिंगला आदल्या दिवशी येणार, तिचं माप आणि पोरीने घरी बहिणीच्या अंगावर घेतलेलं माप जुळणार नाही, मग बॅकस्टेजला कच्चा टाका, टाचण्या, सेफ्टी पिना, दोन बाजूंनी चिकटणारी टेप. मी असा एक लेहंगा हातात घेऊन बघितलाय, समोरून बघाल तर लग्नात घालावा असा, आणि घेराची खालची कड नुसती दुमडून पिनांनी टाचलेली, शिवणच नाही. त्याला बक्षीस मिळालं होतं.

इथून टेलर आत आला. कोर्स एक-दोन वर्षांचा, शोला कमीत कमी चार-पाच कपडे, त्यात एखादा जरदोसीवाला, एखादा पाठ उघडी असलेला गाऊन, ज्याला कॅनव्हास (आतलं ताठ कापड) आणि बोन (आकार धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) घालायला अनुभवी हात लागतो. पोरी मग कापड पेठेतून, हरभट रोडवरून कापड घ्यायच्या आणि तिथंच बोळात एखाद्या टेलर मास्तरांकडं स्केच घेऊन उभ्या राहायच्या. मास्तर आधी स्केच उलटंसुलटं करून बघायचे, मग विचारायचे की हिला झिप कुठं आहे, ही घालणार कशी. त्या एका प्रश्नात वर्षभराचा पॅटर्न मेकिंगचा (कपड्याचे भाग कागदावर आखण्याचा) पेपर यायचा. मांजरपाटावर आधी एक ट्रायल काढून आण म्हणून परत पाठवणारे मास्तर पण होते.

संस्थांनी याकडं डोळेझाक केली, कारण शो चांगला झाला की पुढच्या वर्षीचे प्रवेश भरतात. जे स्वतः शिवत होते त्यांना वाटायला लागलं की आम्ही रात्र-रात्र मशीनवर बसतो आणि ही पैसे टाकून पहिला नंबर नेते, आणि ते चूक नव्हतंच, कारण ज्याच्या घरी पैसा त्याचा कपडा सुबक असं सरळ गणित झालं होतं. दुसरी बाजू म्हणायची की जगात कुठला डिझायनर सगळं स्वतः शिवतो, डिझायनरचं काम ठरवायचं, शिलाई कारागिराची. हेही खरंच. फक्त एवढंच आहे की मोठ्या डिझायनरच्या कारागिराला पगार असतो आणि आपल्या मास्तरांना शोचा पास पण मिळत नव्हता. हॉलमध्ये सोडा, बॅकस्टेजला इस्त्री घेऊन चुण्या बसवत उभे असलेले मास्तर शोच्या पत्रिकेत कुठंच नसायचे, तिथं मेकअपवाल्या पार्लरचं, डेकोरेटरचं, अगदी पाण्याच्या जारवाल्याचं पण नाव यायचं. स्वतः शिवलं का नाही हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे, शिवलं कुणी हे लिहायला काय जातं हा खरा.

पोरी उदाहरण देतात ते लंडनचं, 1984 ला जॉन गॅलियानो या विद्यार्थ्याचं शेवटच्या वर्षाचं अख्खं कलेक्शन एका दुकानाने उचललं आणि काचेत लावलं. आमच्याकडं काचेत लागलं नाही पण बुटिक बऱ्याच निघाल्या, विश्रामबागपासून मिरजेपर्यंत, आणि त्यातल्या बहुतेक त्याच मास्तरांच्या जिवावर चालतात.

नंतरचं भराभर झालं. खणाची लाट आली, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण ब्लाउजमधून निघून जॅकेट, फ्रॉक, पर्स असा सगळीकडं गेला आणि दरवर्षी निदान दोन-तीन कलेक्शन खणाची असायलाच लागली, आता जरा कंटाळा आलाय. माण-खटावकडच्या घोंगडीचा कोट एकदा बघितला, अंगाला टोचत होता पण दिसायला झकास. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, पेठेतल्या दुकानांत चिखल, तेव्हा कसला शो. मग 2020 ला लॉकडाऊन, मोठे फॅशन वीकच ऑनलाइन झाले तर आमच्या पोरींनी गच्चीवर आईला आणि वहिनीला कपडे घालून व्हिडिओ काढले. गंमत म्हणजे तेव्हा टेलरची दुकानं पण बंद, त्यामुळे सगळं खरोखर स्वतः शिवलेलं होतं आणि व्हिडिओत क्लोजअप असल्यामुळे शिवण दिसत होती. परत आतली बाजू बघायची सवय लागली ती तिथून.

आणि मग जून 2025. मिलानच्या रॅम्पवर इटलीतल्या प्राडा या बड्या ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला घालून मॉडेल चालवले, आणि आधी त्यांना नुसतं लेदर सँडल म्हणलं. त्या कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून, त्यात सांगली आणि सातारा दोन्ही आहेत. बोंबाबोंब झाल्यावर ब्रँडने भारतीय प्रेरणा मान्य केली. आपल्याकडच्या झाडून सगळ्या फॅशनवाल्यांनी तेव्हा स्टेटस ठेवले, कारागिराचं श्रेय द्या म्हणून. त्यावर कुणीतरी विचारलं की तुमच्या शोच्या पत्रिकेत मास्तरांचं नाव कधी आलं, आणि तिथून आत्ताचं भांडण पेटलं.

यंदा एका संस्थेने तोडगा काढलाय. कलेक्शनमधला मुख्य कपडा विद्यार्थ्याने वर्गातच, सगळ्यांसमोर शिवायचा, बाकीचे बाहेरून चालतील पण फाइलला टेलरचं नाव आणि बिल जोडायचं. नावाला मास्तरांची हरकत नाही. बिलाचं मात्र अवघड आहे, बोळातल्या दुकानात शिलाईचं बिल कोण देतं, तिथं मापाच्या वहीतली अर्धी चिठ्ठी फाडून नंबर टाकतात आणि कापडाचा तुकडा टाचून हातात ठेवतात. ती चिठ्ठी फाइलला लावली तर चालेल का, असं पोरींनी लेखी विचारलंय आणि संस्थेकडून अजून काही उत्तर आलेलं नाही.