चलनविनिमय व बट्टा (सातारा-सांगली परिसर)

चलनविनिमय : एका राज्याच्या चलनातील रक्कम ठरलेल्या दराने दुसऱ्या राज्याच्या चलनात बदलून घेण्याचा व्यवहार. आज हा दर बँका जाहीर करतात. सातारा व सांगली परिसरात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परके नाणे म्हणजे बहुधा शेजारच्या टांकसाळीचे नाणे असे, आणि ते बदलताना जी रक्कम वजा होई तिला बट्टा म्हणत. परगावी हुंडी, म्हणजे रक्कम देण्याची लेखी चिठ्ठी, पाठवताना पडणारी हुंडणावळ (तिचे शुल्क) याच सदराखाली घालण्याची प्रथा आहे; परंतु बट्टा नाण्यातील धातूवर अवलंबून असतो, तर हुंडणावळ अंतर, जोखीम व मागणी यांवर. म्हणून दोन्ही वेगळ्या मानणे अधिक सयुक्तिक होय.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. त्याच वर्षी हेन्री ऑक्झिंडेन याने रायगडावर इंग्रजांच्या वतीने केलेल्या तहाच्या बोलण्यांत, इंग्रजांची नाणी मराठी मुलखात चालावीत, अशी एक मागणी होती. महाराजांनी ती तहात घालणे अनावश्यक ठरविले. कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, पण नुकसान सोसून ते घ्यावे अशी सक्तीही रयतेवर करता येणार नाही. कस व वजन मोगल आणि इतर राजांच्या नाण्यांइतके असेल तर ते चालेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नाण्याचा दर हुकमाने नव्हे, तर धातूने ठरतो, हे तत्त्व इतक्या नेमकेपणाने मांडणारे राजकीय उत्तर त्या काळात क्वचितच सापडते.

प्रत्यक्ष पारख सराफ व पोतदार (नाणी पारखणारा अधिकारी) करीत. नाणे तोलून वजनातील घट पाहिली जाई, फरशीवर टाकून नाद ऐकला जाई आणि शंका आल्यास कसोटीच्या दगडावर ओढ काढून कस ताडला जाई. बट्टा शेकड्यावर सांगत : शेकडा दोन रुपये बट्ट्याच्या नाण्यांतील २५० रुपये दिल्यास हाती २४५ चलनी रुपये येत. रुपयाचा खुर्दा, म्हणजे तांब्याची मोड, घेतानाही दर वेगळा लागे आणि तो बाजारागणिक बदले.

मिरजेच्या टांकसाळीचा काळ वादग्रस्त आहे. ‘मुर्तजाबाद’ हे टांकसाळीचे नाव असलेले मराठा काळातील रुपये सामान्यतः मिरजेचे मानले जातात, कारण हे मिरजेचेच मुसलमानी अमदानीतील नाव होते. मिरज १७३९ मध्ये छत्रपती शाहूंच्या ताब्यात आली व १७६१ च्या सुमारास पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याकडे गेली. या रुपयांचा आरंभ यांपैकी कोणत्या टप्प्यावर धरावा, हा खरा प्रश्न होय. नाण्यावरील मोगल बादशहाच्या नावावरून काल ठरविणे मात्र धोक्याचे आहे. मराठी टांकसाळी बादशहाचे नाव व जुलूस वर्ष (त्याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष) पुढेही तसेच चालू ठेवीत, त्यामुळे नाणे त्या बादशहाच्या आधीचे नाही, एवढेच असे नाव दाखविते. पटवर्धनांच्या काळाकडे झुकणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला, एकच रुपया ठरविला. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सांगली, मिरज व फलटण ही संस्थाने टिकली, तरी त्यांच्या बाजारांतही हळूहळू हाच रुपया रूढ झाला आणि बट्ट्याचे महत्त्व ओसरले.

नवा प्रश्न स्टर्लिंगचा, म्हणजे ब्रिटिश पौंडाशी असलेल्या दराचा, होता. तेव्हा १२ पेन्सांचा शिलिंग व २४० पेन्सांचा पौंड होई. चांदी उतरल्यामुळे सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९३ च्या सुमारास १५ पेन्सांवर आला. त्या वर्षी खाजगी व्यक्तींनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले व पुढे १६ पेन्सांचा, म्हणजे पौंडास १५ रुपयांचा, दर स्थिर झाला. या पद्धतीवरील मूलगामी टीका १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात आहे. तिचे कर्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे प्राथमिकोत्तर शिक्षण साताऱ्यात सुरू झाले होते. भारतीय चलनाविषयी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ मध्ये १८ पेन्सांचा दर कायद्याने आला. पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै मिळू लागल्याने, १०० पौंडांच्या मालावर १,५०० रुपयांऐवजी सुमारे १,३३३ रुपयेच हाती येत. परदेशी जाणारा माल पिकविणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हता.

पुढे १९४९, १९६६ व १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि मार्च १९९३ पासून दर मुख्यतः बाजारावर सोपविण्यात आला.

सांगलीचे बेदाणे व हळद किंवा तासगावची द्राक्षे परदेशी पाठविणाऱ्यास आज बँक दोन दर सांगते : खरेदीचा व विक्रीचा. समजा, डॉलरचा खरेदी दर ८३.२० व विक्री दर ८४.६० रुपये आहे. १०,००० डॉलरची रक्कम जमा झाल्यास ८,३२,००० रुपये मिळतात, तर तितकेच डॉलर बाहेर पाठविण्यास ८,४६,००० रुपये लागतात. हे १४,००० रुपये दरांतच मुरलेले असतात, म्हणून ‘शुल्क नाही’ एवढ्यावर तुलना करणे चुकीचे ठरते. रोख नोटांसाठी हे अंतर सहसा आणखी वाढते. माल पोहोचून पैसे येईपर्यंत दर बदलण्याची जोखीम टाळण्यासाठी निर्यातदार बँकेशी वायदा करार करतो. त्यात ठरलेल्या तारखेचा दर आधीच निश्चित होतो, मात्र नंतर डॉलर वधारला तरी वाढीव रक्कम त्याला मिळत नाही.