१७९५ चा हिवाळा: पाद्र्याची रोजनिशी आणि मजुरांचा ठराव

इंग्लंडमधल्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासूनच्या आहेत. त्यांतला सगळ्यात गारठलेला जानेवारी १७९५ चा. अख्ख्या महिन्याची सरासरीच उणे ३.१ अंश सेल्सिअस! नॉर्फक परगण्यातल्या वेस्टन लाँगव्हिल गावचे पाद्री जेम्स वुडफर्ड तेव्हा ५४ वर्षांचे होते. वारा कुठून वाहतो, ताटात काय होतं, कुणाला किती पैसे दिले, हे सगळं ते १७५८ पासून रोजनिशीत टिपत आले होते. एका हिवाळ्यात पलंगाखालची लघवीची भांडीसुद्धा रात्रीतून गोठल्याची नोंद त्यांनी केली आहे. पाद्र्याच्या ऊबदार घराची ही गत, तर शेतमजुराच्या खोपटात पोरंबाळं कशी निजत असतील?

१७९४ चं पीक आधीच बेताचं आलं होतं, त्यात फ्रान्सशी युद्ध चालू. गव्हाच्या एका क्वार्टरचा (धान्याचं जुनं इंग्रजी माप) सरासरी भाव वर्षभरात ५२ शिलिंगांवरून ७५ वर गेला. मजुरी मात्र आठवड्याला आठ-नऊ शिलिंगांच्या आसपासच.

वुडफर्ड यांचा हात सढळ होता. २१ डिसेंबरला, सेंट थॉमसच्या दिवशी, दारात येणाऱ्या गरिबांना ते प्रत्येकी सहा पेन्स देत. १४ फेब्रुवारीला गावातल्या पोरांना एकेक पेनी मिळे. नाताळाला म्हाताऱ्यांची पंगत बसे आणि घरी बायकोसाठी शिलिंग मिळे. पण पाद्र्याचं उत्पन्न म्हणजे शेतमालाचा दशांश. तो भरायला शेतकरी डिसेंबरात येत, तेव्हा त्यांनाही जेवण असे. ज्यांच्या घामातून ते पीक उभं राहायचं, त्यांचा वाटा ठरवणारं मात्र कुणी नव्हतं.

६ मे १७९५ ला बर्कशरमधल्या स्पीनमलँड इथे न्यायाधीशांनी तोडगा काढला. गॅलनची पाव-लादी (सुमारे चार किलोची) एक शिलिंगाला असेल, तर कष्टकरी माणसाला आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको-मुलांसाठी माणशी दीड शिलिंग पडलेच पाहिजेत. मजुरीत कमी पडेल ते गावच्या गरीब-पट्टीतून भरायचं. दिसायला दयाळू, पण मालकाला मजुरी वाढवायचं कारणच उरलं नाही.

२९ ऑक्टोबरला वुडफर्ड लंडनमध्ये होते. पार्लमेंटकडे निघालेल्या राजाच्या बग्गीवर जमाव तुटून पडला, भाकरी द्या, युद्ध थांबवा असा ओरडा झाला. राजा थोडक्यात बचावल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे.

त्यानंतर आठवड्याभरात, ५ नोव्हेंबरला, नॉर्फकमध्येच हीचमच्या चर्चमध्ये आसपासच्या गावांचे शेतमजूर जमले. या घटनेकडे इतिहासात फार कमी लक्ष गेलंय, याचं मला वाईट वाटतं. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे बायबलातलं वचनच त्यांनी ठरावात घातलं. बाजारभावापेक्षा स्वस्त पीठ देऊन आम्हाला गावच्या पट्टीवर जगवणं हा आमच्या गरिबीचा अपमान आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मजुरी गव्हाच्या भावाशी बांधा, एवढीच मागणी. देवळात बसून, पाद्र्यांच्याच ग्रंथातून, त्यांनी दान नाकारलं आणि हक्क मागितला.

डिसेंबरात सरकारने पन्नासाहून जास्त माणसांच्या सभांवर निर्बंध आणले. किमान मजुरीचं सॅम्युअल व्हिटब्रेड यांचं विधेयक फेब्रुवारी १७९६ मध्ये, पंतप्रधान पिट यांच्या विरोधापुढे, पडलं.

वुडफर्ड १८०३ च्या पहिल्याच दिवशी वारले. १८३० च्या हिवाळ्यात नॉर्फकचे मजूर पुन्हा उठले, आणि या वेळी थेट पाद्र्यांकडे गेले: दशांश कमी करा, म्हणजे शेतकऱ्याला आमची मजुरी वाढवता येईल.