बससाठी दहा सेकंद

चौकातला सिग्नल गाड्या मोजतो, माणसं मोजत नाही. पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या चालकाची मोटार त्याच्या लेखी सारखीच. हिशेब माणसांचा धरला, तर आधी वाट बसला मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी लागणारं तंत्र मुळीच अवघड नाही.

बस चौकाजवळ आली की रस्त्याखाली पुरलेलं तारेचं वेटोळं, बसमधलं रेडिओ उपकरण किंवा जीपीएस यांतलं काहीतरी सिग्नलच्या यंत्रणेला तशी वर्दी देतं. सिग्नल हिरवा असेल तर तो थोडा लांबवता येतो, लाल असेल तर थोडा आधी सोडता येतो.

समजा, सिग्नलचा एक फेरा 90 सेकंदांचा आहे आणि त्यात बसच्या दिशेला 50 सेकंद लाल असतो. बस कोणत्याही क्षणी येऊ शकते, पुढे गाड्यांची रांग नाही. हिरवा 10 सेकंद लांबवला, तर उपयोग होतो तो त्या 10 सेकंदांत पोचणाऱ्या बसलाच, म्हणजे नवातल्या एकीला. मात्र तिचे सरासरी 45 सेकंद वाचतात! लाल 10 सेकंद आधी संपवला तर लालच्या उरलेल्या 40 सेकंदांत येणाऱ्या, म्हणजे त्याच्या चौपट बसना लाभ होतो, पण प्रत्येकीचे फार तर 10 सेकंद. सगळ्या बसची सरासरी काढली, तर दोन्ही उपाय मिळून दर चौकात नऊएक सेकंद हाती लागतात. वाटेत असे वीस सिग्नल असले की झाली तीन मिनिटं.

या गणितात थांब्याची जागा फार महत्त्वाची. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर लोक चढायला-उतरायला किती वेळ घेतील याचा अंदाज यंत्रणेला येत नाही. लांबवलेला हिरवा बस थांब्यावर उभी असतानाच संपून जातो. थांबा चौकाच्या पलीकडे नेला की बस आधी सिग्नल ओलांडते, मग थांबते.

सगळ्याच बसना अग्रक्रम द्यावा असंही नाही. उशीर झालेल्या बससाठी पुढच्या थांब्यावर जास्त लोक जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागची बस मात्र रिकामी धावत तिला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्येच याचं गणित मांडलं होतं. म्हणून काही ठिकाणी वेळेवर असलेल्या बसला सवलत नसते, रखडलेल्या बसलाच असते. मला हाच प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण थांब्यावर ताटकळणाऱ्याला वेगापेक्षा बसच्या वेळेचा भरवसा हवा असतो.

झुरिकच्या मतदारांनी 1973 मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव नाकारला आणि 1977 मध्ये रस्त्यावरच्याच ट्राम-बस वेगवान करण्यासाठी निधी मंजूर केला. सिग्नलवरचा अग्रक्रम हा त्या कामाचा मोठा भाग होता.

हे सेकंद कुठून तरी काढावे लागतात. आडव्या रस्त्याचा हिरवा थोडा कमी होतो, पुढच्या फेऱ्यांत तो भरून देता येतो. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला लागणारा किमान वेळ मात्र कधीही कापायचा नसतो. आणि बस मोटारींच्या लांबलचक रांगेत मागे अडकली असेल, तर लांबवलेला हिरवा पुढच्या मोटारीच वापरून टाकतात. अशा चौकात आधी बससाठी वेगळी लेन आखावी लागते, निदान रांगेच्या लांबीइतकी तरी.