सव्वादहाला दिलेला होकार

जानेवारीतली रात्र, दिल्ली विमानतळ. धुक्यामुळे विमानं एकामागून एक लांबतायत. पुण्याला जाणारं शेवटचं विमान पावणेअकराला सुटायचं होतं, आता साडेबारा होणार. कॅप्टन दुपारी साडेतीनला ड्यूटीवर रिपोर्ट झालेत. मध्यरात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीची कमाल मर्यादा दहा तास धरली, तर त्यांची वेळ दीडला संपते. पुण्यात विमान उभं राहील दोन चाळीसला. सव्वादहाला वैमानिकांच्या ड्यूट्या लावणाऱ्या क्रू कंट्रोलचा फोन येतो: "सर, एक्स्टेन्शन घ्याल का? तासाभराचाच प्रश्न आहे."

कॅप्टनना त्या क्षणी बरं वाटतंय. नुकताच चहा झालाय, डोळे जड नाहीत. ते "हो" म्हणतात, आणि ते खरंच बोलतायत.

प्रसंग कल्पित आहे, पण असे फोन जगभर रोज होतात. अनपेक्षित अडचण आली तर ड्यूटी वाढवण्याची सोय बहुतेक देशांच्या नियमांत असते. अमेरिकेत दोन वैमानिकांच्या विमानात ती दोन तासांपर्यंत वाढवता येते, पण कॅप्टन आणि कंपनी दोघांची संमती लागते. युरोपातही मर्यादा साधारण तेवढीच आहे. तिथे कॅप्टनने आधी सगळ्या क्रूला विचारायचं असतं, की तुम्ही किती ताजेतवाने आहात. म्हणजे शेवटी सगळा भार एका प्रश्नावर येतो: तुला कसं वाटतंय?

हा प्रश्न कोणाला विचारतोय, तर दमलेल्या मेंदूला. आणि मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते.

झोपेची ओढ दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे साठत जाणारी झोपेची गरज. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफिन हे ॲडेनोसिन काढून टाकत नाही, फक्त ते जिथे जाऊन बसतं त्या जागा अडवतं. दाब तसाच राहतो, जाणवत मात्र नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या थोडं वर, पेशींचा एक इवलासा पुंजका हे घड्याळ चालवतो. ॲडेनोसिनचा दाब चढत असतानाही संध्याकाळी हे घड्याळ आपल्याला जागं ठेवायला जोर लावतं. म्हणून रात्री नऊ-दहाला माणूस दुपारी तीनपेक्षा तरतरीत असू शकतो. मध्यरात्रीनंतर हा आधार सुटतो. पहाटे दोन ते सहा हा सगळ्यात खोल खड्डा, वैमानिकांच्या नियमपुस्तकांतही तो वेगळा नोंदवलेला असतो.

आता तो फोन पुन्हा आठवा. प्रश्न सव्वादहाला विचारला, घड्याळ साथ देत असताना. लँडिंग दोन चाळीसला, खड्ड्यात.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक तुलना मांडली. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी बिघडते. भारतात वैमानिकाला उड्डाणाआधीचे बारा तास दारू वर्ज्य आहे, आणि फुंकर मारायच्या यंत्रावर आकडा शून्यच यावा लागतो. झोपेसाठी असं यंत्र विमानतळावर नाही.

प्रयोगशाळेत मात्र झोपेची तूट मोजता येते. समोर एक छोटा पडदा. त्यावर मधूनच आकडे धावायला लागतात, दिसताक्षणी बटण दाबायचं. बस, दहा मिनिटं एवढंच. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला, की ती 'चूक' धरतात. ताजा माणूस क्वचितच चुकतो. झोप कमी पडलेला माणूस चार वेळा उत्तम दाबतो आणि पाचव्यांदा नुसता बघत बसतो. डोळे उघडे, बोट बटणावर, आणि मेंदू क्षणभर गैरहजर.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ही चाचणी वापरून २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी घसरत घसरत एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतकी खाली गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "किती झोप येतेय?" या प्रश्नाची त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. कामगिरी खाली जात होती आणि त्यांना वाटत होतं, आता सवय झाली.

२२ मे २०१०. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरत होतं. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण तपासलं गेलं. त्यातली पहिली एक तास चाळीस मिनिटं कॅप्टनचं बोलणं नाही, संथ श्वास आणि घोरणं आहे. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. काही मिनिटं, कधी अर्धा तास, निर्णय बोथट राहतात. विमान फार उंचावरून येत होतं. को-पायलटने तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला सांगितलं. चाकं टेकली तेव्हा सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीतले ५,२०० फूट मागे गेले होते. १६६ जणांपैकी १५८ गेले.

नियम कठोर होतायत, आणि ते व्हायलाच हवेत. भारतात साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहा वाजेपर्यंत वाढली, एका वैमानिकाला रात्रीत करता येणाऱ्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि महिन्याभराने इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द होऊन विमानतळांवर लोक अडकून पडले. त्या कंपनीला काही रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. प्रवाशांचे हाल खरेच होते. पण सूट कागदावर मिळते. शरीरातल्या घड्याळाने कोणालाही सूट दिलेली नाही.

नियमात विश्रांतीचे तास मोजले जातात, झोपेचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात केंडारीहून जकार्ताला जाणाऱ्या विमानाचे दोन्ही वैमानिक सुमारे २८ मिनिटं एकाच वेळी झोपले होते. कॅप्टन विश्रांती घेत होते आणि जागं राहायचं होतं त्या को-पायलटचाही डोळा लागला. त्याच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती. सुदैवाने विमान सुखरूप उतरलं.

म्हणून "कसं वाटतंय?" सोडून आकडे विचारावेत, असं मला ठामपणे वाटतं. झोपेच्या अभ्यासकांनी एक साधा हिशेब सुचवला आहे. कामाआधीच्या २४ तासांत किमान पाच तास झोप हवी, ४८ तासांत किमान बारा. आणि उठल्यापासून काम संपेपर्यंतचा वेळ त्या ४८ तासांतल्या एकूण झोपेहून जास्त नसावा.

आपल्या कॅप्टनना लावून बघू. समजा आदल्या रात्री ते सात तास झोपले, त्याआधीच्या रात्री पाच. एकूण बारा. पहिल्या दोन अटी पुऱ्या. पण मुलांच्या शाळेसाठी ते सकाळी साडेसहाला उठले. दोन चाळीसला उतरतील तेव्हा वीस तास जागे असतील. तिसरी अट पार मोडली. खरं तर एक्स्टेन्शन घेतलं नसतं, दीडलाच ड्यूटी संपली असती, तरी एकोणीस तास झाले असते.

आता एवढाच बदल करा: ड्यूटीआधी, सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड, त्यांनी खोलीचे पडदे ओढून, फोन बंद करून झोप काढली. एकूण झोप चौदा तास, जागेपण दुपारी दीडपासून मोजायचं, म्हणजे तेरा तास दहा मिनिटं. हिशेब बसतो. रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर, या दोन तासांची नोंद कुठेच नाही, आणि सव्वादहाला फोन करणारा त्याबद्दल विचारत नाही.