धन व ऋण संख्यांवरील क्रिया

शून्यापेक्षा मोठ्या (धन) आणि शून्यापेक्षा लहान (ऋण) संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करताना उत्तराचे चिन्ह ठरवणारे नियम. प्राचीन चीनमध्ये धन संख्येसाठी लाल व ऋण संख्येसाठी काळ्या कांड्या मांडून बेरीज-वजाबाकी करत. शून्यालाही संख्या मानून चारही क्रियांचे नियम एकत्र दिले ते ब्रह्मगुप्ताने, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ (इ. स. ६२८) या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात.

बेरजेचे नियम जमा-उधारीच्या व्यवहारातून सहज पटतात. चिन्हे सारखी असतील तर संख्या मिळवून तेच चिन्ह द्यायचे : (−४) + (−३) = −७. चिन्हे वेगळी असतील तर मोठीतून लहान वजा करून मोठीचे चिन्ह द्यायचे; येथे मोठी-लहान चिन्ह सोडून पाहायची. वजाबाकीला स्वतंत्र नियम लागत नाही : वजा करायच्या संख्येचे चिन्ह बदलावे आणि बेरीज करावी, म्हणून ५ − (−२) = ५ + २ = ७.

गुणाकारात मात्र उधारी कामाला येत नाही. उधारीला उधारीने गुणणे म्हणजे काय, हे कोणताही वाणी सांगू शकणार नाही. तिथे कारण वेगळे आहे. ४ + (−४) शून्य असल्याने त्याला −३ ने गुणले तरी शून्यच यायला हवे. कंस सोडवला की पहिला गुणाकार, (−३) × ४, हा −१२ येतो. मग बेरीज शून्य होण्यासाठी (−३) × (−४) हा +१२ असण्यावाचून गत्यंतर नाही. भागाकाराची चिन्हे यावरूनच ठरतात. ‘उणे उणे अधिक’ एवढेच पाठ केलेली मुले −४ − ३ चे उत्तर +७ लिहितात ते यामुळेच : गुणाकाराचा नियम बेरजेला लावला जातो.

ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले. आज हा भागाकार अव्याख्यात मानतात. पुढे भास्कराचार्यांनी (दुसरे) धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे स्पष्ट केले. तरी ऋण संख्या स्वीकारण्याविषयी तेही सावध होते. त्यांच्या एका उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तर तितकी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते. कळपातील एकूण माकडांची उत्तरे ५० व ५ येतात. पण ५ घेतल्यास पाचव्या हिश्शातून तीन जाऊन −२ उरतात, म्हणून त्यांनी ते नाकारले. (वर्ग केल्यावर ४ माकडे नीट जमतात, हा भाग वेगळा.) ‘लीलावती’त मात्र ९ पाया आणि १० व १७ बाजू असलेल्या त्रिकोणात शिरोबिंदूतून पायावर टाकलेल्या लंबामुळे होणारा पायाचा एक खंड −६ येतो, तेव्हा तो उलट दिशेला आहे असे समजून ते पुढे जातात आणि लंबाची लांबी ८ काढतात.